शिमला ऑफिसचा गणिती

मे संपत आला की आमच्या घरात एकच विषय असतो : यंदा पाऊस कसा? फूफी गावाहून फोन करून विचारतात, बियाणं आत्ता घेऊ की थांबू? आम्ही पेपरातला अंदाज वाचून दाखवतो आणि तो चुकला की पुढच्या ईदेपर्यंत टोमणे ऐकतो. हा अंदाज मांडायची वाट कुणी पाडली, ते आज सांगावंसं वाटतं.

पुण्यात शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला लोक अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली हे कार्यालय शिमल्याहून इथे आलं. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. माणूस केंब्रिजचा गणिती. बासरीचा शौक, बूमरँगचा नाद, पण हवामानशास्त्राशी आधीचा संबंध जवळजवळ नाही. त्यांच्या आधी, १८९९ साली, खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता आणि पडला तो भयंकर दुष्काळ. लोक उपाशी मेले. ते ओझं वॉकर यांच्या वाट्याला आलं.

त्यांनी ढगांकडे पाहणं सोडून जुन्या वह्या उघडल्या. जगभरच्या ठिकाणांचा हवेचा दाब, पाऊस, तापमान, सगळं वर्षानुवर्षं ओळीने लिहिलेलं. अशा ओळीला कालश्रेणी म्हणतात. एका ठिकाणची ओळ दुसऱ्या ठिकाणच्या ओळीबरोबर हलते का, हे शिमल्यातले हिंदी कारकून हाताने आकडेमोड करून काढत. (त्यांची नावं आज कितीजणांना माहीत आहेत?) त्यातून एक झोका सापडला : प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलटही. आपल्या पावसाचा या झोक्याशी संबंध आहे.

आम्हाला जास्त आवडते ती त्यांची सावधगिरी. शंभर गोष्टी पावसाशी ताडून पाहिल्या तर एखादी निव्वळ योगायोगाने जुळणारच. शेजारचे चाचा मुंग्यांवरून पाऊस सांगतात. बरोबर आलेली वर्षं त्यांना लक्षात राहतात, चुकलेली राहत नाहीत. असा फसवा मेळ कसा ओळखायचा, याची कसोटी वॉकर यांनी १९१४ सालीच मांडली.

पुढे ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. आजचा आकडा कालच्या आणि परवाच्या आकड्यांवर किती अवलंबून आहे, हे काढण्याची यूल आणि वॉकर यांच्या नावाची समीकरणं आजही कालश्रेणीच्या अभ्यासात शिकवतात. त्यांच्या हयातीत मात्र झोक्याबद्दल अनेकांनी शंका घेतली. वॉकर १९५८ साली वारले आणि १९६९ साली ब्यर्कनेस यांनी तो झोका एल निनोशी जोडून दाखवला.

तरी पाऊस कुणाचा बांधील नाही. १९९७ साली एल निनो जबरदस्त होता. सगळ्यांनी दुष्काळाची धास्ती घेतली, आणि देशभराचा हिशोब झाला तेव्हा पाऊस सरासरीहून थोडा जास्तच निघाला. फूफींना यंदा आम्ही हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग अर्धं बियाणं आत्ता घेते, अर्धं नंतर.”