भाड्याचे घर : आधी हिशेब, मग व्यवहार

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या प्रकल्पामुळे भांडुप व मुलुंड यांच्यामधील नाहूर गुंतवणूकदारांच्या नजरेत भरले आहे. परंतु निवृत्तीची पुंजी तेथे गुंतविण्यापूर्वी साधा हिशेब मांडावा. समजा, घर दीड कोटीचे आणि भाडे मासिक ४० हजार. म्हणजे वार्षिक परतावा जेमतेम ३.२ टक्के. त्यातूनच सोसायटीचे शुल्क, मालमत्ता कर, दुरुस्ती व रिकामे महिने वजा जातात. गृहकर्जाचे व्याज याच्या दुपटीहून अधिक. म्हणून कर्ज काढून भाड्यासाठी घर घेणे आतबट्ट्याचेच. स्वतःची शिल्लक असल्यास घर अवश्य घ्यावे. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार नोंदवावाच. ती जबाबदारी घरमालकाची आहे. केवळ ओळखीवर दिलेले घर पुढे ओळखही घालविते.