फुकट प्रवासाची किंमत

उधारी हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरात कधी मानाचा नव्हता. वाण्याच्या वहीत नाव असणे ही काही चारचौघांत सांगण्याची गोष्ट नव्हे. त्याच उधारीवर विमानाचे चित्र छापले गेले आणि ती थेट पाकिटाच्या पहिल्या कप्प्यात जाऊन बसली. प्रवासाचे पॉइंट देणारे क्रेडिट कार्ड आता अनेक घरांत आहे. वर्षातून एकदा त्याचे शुल्क भरायची वेळ येते, तेव्हा मात्र प्रश्न पडतो : हे ठेवावे, याहून साधे घ्यावे, की बंदच करावे?

आमच्याकडे तो यंदा पडला. मुलगी दिल्लीला शिकत होती तेव्हा आम्ही हे कार्ड घेतले. वर्षाला चार-पाच विमानफेऱ्या होत आणि कार्डाचे पैसे वसूल होत. आता ती पुण्यात परतली आहे. शुल्क ५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. सौं.नी वही काढली. गेल्या वर्षी पॉइंटांमुळे तिकिटावर वाचले २,४०० रुपये. विमानतळावरच्या लाउंजमध्ये दोनदा बसलो. तिथल्या खाण्याची किंमत कार्डवाले भरघोस सांगतात. पण लाउंज नसते तर आम्ही डब्यातली पोळीभाजी खाऊन वर चहा घेतला असता. म्हणून त्याचे धरले ४०० रुपये. जमा २,८००, खर्च ५,९००. सवलत मोजायची ती अशीच : ती नसती तर आपण खिशातून किती काढले असते?

बँकेने फोनवर तोडगा सुचवला. वर्षाचा खर्च चार लाखांवर गेला तर शुल्क माफ! आमचा खर्च अडीच लाखांचा. "सहा हजार वाचवायला दीड लाखाची खरेदी?" सौ. म्हणाल्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हाच.

"पण साठवलेले पॉइंट?" असे कोणी विचारील. पॉइंट ही बचत नव्हे; ते दुसऱ्याने दिलेले आश्वासन आहे आणि त्याचे नियमही तोच बदलतो. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजण्याची योजना काढली, ती प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून. आपल्याकडे किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेटची एप्रिल २०१९ मध्ये. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट नव्या योजनेत गेले, पण ज्या विमानांच्या ओढीने लोकांनी ते जमवले, ते नाव उरले नाही. तेव्हा असलेले पॉइंट वेळीच वापरावेत, पिढ्यान्‌पिढ्या जपू नयेत. आणि दरमहा थकबाकी ठेवणाऱ्याने तर पॉइंटांचा विचारच करू नये. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के; एवढे देणारे पॉइंट कोठेच मिळत नाहीत.

कार्ड बंद करणे अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सर्व देणे चुकते केल्यावर विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद व्हायला हवे. उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. त्याआधी पॉइंट वापरावेत आणि वीज, फोन यांची आपोआप जाणारी बिले दुसरीकडे वळवावीत. मात्र कार्ड जुने असेल तर त्याचा वर्षानुवर्षांचा चोख व्यवहार आपल्या पतीच्या नोंदीत जमेस असतो आणि उधारीची एकूण मर्यादाही त्यामुळे मोठी राहते. घरासाठी कर्ज काढायचे असेल तर हे ध्यानात घ्यावे. अशांना त्याच बँकेचे बिनशुल्काचे कार्ड घेणे सोयीचे. पॉइंट आणि जुने खाते टिकते का, हे मात्र आधी लेखी विचारावे. कपाटात टाकून विसरणे हा मार्ग नव्हे. शुल्क तेथेही चढत राहते.

महिन्यातून दोनदा कामासाठी उडणाऱ्याने कार्ड खुशाल ठेवावे. त्याचा हिशेब वेगळा. आमची अडचण मात्र हिशेबाची नव्हतीच. कार्ड गेले की आपण प्रवास करणारी माणसे उरलो नाही, अशी रुखरुख होती. ती आईने घालवली. तिला नरसोबाच्या वाडीला जायचे आहे आणि तेथे विमान जात नाही!

आम्ही बिनशुल्काचे कार्ड घेतले. वाचलेले पैसे वाडीच्या गाडीभाड्यासाठी बाजूला ठेवले आहेत. वाचकहो, आपले शुल्क कोणत्या महिन्यात कापले जाते, एवढे आज पाहून ठेवा. हिशेब त्याच्या आधीच्या महिन्यात करा, नंतरच्या नव्हे.