'पोरीला डोकं नाही'



जूनमध्ये शाळा उघडल्या की आमच्या सल्ला केंद्रात एक ठरावीक वाक्य कानावर पडतं. तक्रार म्हणून ते कुणी सांगत नाही. बाई आलेली असते रेशनकार्डासाठी, नाहीतर नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलायला. काम झाल्यावर उठता उठता म्हणते, "ताई, मोठीला यंदा शाळेत नाही घातलं. पोरीला डोकंच नाही."

दोन वर्षांपूर्वी असंच बोललेल्या एका बाईच्या घरी मी गेले होते. ती मण्यांच्या माळा ओवून द्यायची, ग्रोसच्या भावाने. किती ग्रोस माल गेला, किती परत आला, मुकादमाकडून किती येणं आहे, हा सगळा हिशेब तिची तेरा वर्षांची मुलगी तोंडी ठेवत होती. मी कागद पुढे केला तेव्हा मात्र तिने मान खाली घातली. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांतला फरक तिला पकडता येईना. तीन लिहायला सांगितले तर सहा लिहिले. आपल्या देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत हे तोवर माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. वाचायला दिलं की पहिलं अक्षर बघून ती उरलेला शब्द अंदाजाने म्हणायची. सहा वर्षं शाळेत काढलेली ही मुलगी पहिलीच्या पुस्तकापाशी अडकली होती.

त्याच घरात तिचा धाकटा भाऊ होता. त्याची हीच गत, पण तो वर्गात दंगा करायचा, बाकावरून उठून जायचा. म्हणून शाळेने चिठ्ठी दिली, आईने चार खाडे करून त्याला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तपासण्या झाल्या आणि 'अध्ययन अक्षमता' असं कागदावर लिहून मिळालं. ही अडचण पुष्कळदा एकाच कुटुंबातल्या अनेकांत आढळते, हे शास्त्राला ठाऊक आहे. तरीही घरात आणखी कोणी असं आहे का, असं त्या आईला ना शाळेने विचारलं, ना रुग्णालयात कुणी. बहीण गप्प बसायची. गप्प बसणारी मुलगी कुणाला अडचणीची वाटत नाही. उलट ती 'शहाणी' ठरते.

हा एका घराचा योगायोग नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचनात अडचण आहे म्हणून शाळांनी ज्यांची नावं काढली होती, त्यांत मुलग्यांची संख्या मुलींच्या कित्येक पट होती. संशोधकांनी सगळ्याच मुलांची स्वतः चाचणी घेतल्यावर मुलगे आणि मुली जवळजवळ बरोबरीने निघाले. पुढच्या काही अभ्यासांत मुलग्यांचं प्रमाण थोडं जास्त आढळलं आहे, पण शाळेच्या यादीत दिसते तेवढी दरी सहसा नसते. शिक्षक नावं काढतात ती त्रास देणाऱ्यांची, आणि त्रास न देण्याचं शिक्षण मुलींना घरातूनच मिळालेलं असतं.

'उपचारात्मक शिक्षण' या शब्दाने आपल्या बायका दचकतात. "गोळी किती दिवस घ्यायची?" असं मला अनेकींनी विचारलं आहे. इथे गोळी नाही. अशा मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते, कधी त्याहून चांगलीही असते. ध्वनी आणि अक्षर यांची गाठ मेंदूत सहज बसत नाही, इतकंच. ती गाठ सावकाश, पुन्हा पुन्हा, डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावून बसवावी लागते. वाळूच्या ताटलीत अक्षर गिरवायचं, गिरवताना मोठ्याने म्हणायचं, टाळी वाजवत शब्दाचे तुकडे पाडायचे, चिंचोक्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करायचे. मराठीच्या खास अडचणी वेगळ्या हाताळाव्या लागतात. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरात अर्धं अक्षर भलत्याच रूपात येतं. इंग्रजीसाठी केलेले तक्ते इथे कामाचे नाहीत. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकट्या मुलाबरोबर किंवा दोघा-तिघांबरोबर, असं हे काम काही वर्षं चालतं आणि जितक्या लवकर सुरू होईल तितकं जास्त पदरात पडतं. खडे, बिया, पानं घेऊन शिकवणं आपल्या मातीला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर तेच केलं.

मग हे मुलींपर्यंत का पोहोचत नाही? याचं अर्धं उत्तर सवलतींच्या रचनेत आहे.

महाराष्ट्र सरकारने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या. परीक्षेत जास्त वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. हे मोठं पाऊल होतं आणि पालकांनी, विशेषतः आयांनी, त्यासाठी खस्ता खाल्ल्या. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला. पण सवलतींचा सगळा ओढा दहावीच्या परीक्षेकडे राहिला. त्यामुळे दाखल्यासाठी धावपळ होते ती नववीत, शिकवण्याची सर्वांत मोलाची वर्षं उलटून गेल्यावर. शिवाय नववीपर्यंत टिकलेल्यांसाठीच ती होते. ज्यांना वाचता येत नाही अशा वस्तीतल्या किती मुली नववीपर्यंत टिकतात? 'डोकं नाही' हे वाक्य फार काळ एकटं राहत नाही. 'तर मग घरी तरी बसव' आणि 'तर मग उजवून टाक' ही वाक्यं त्याच्या मागोमाग येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. त्यांतल्या कितींना अक्षरांनी दगा दिला होता, हे या पाहणीत विचारलेलं नाही.

विशेष शिक्षकांचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक शाळेत दर दहांमागे एक आणि त्यापुढे दर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. प्रमाण चांगलं आहे. पण ते लागू होणार नोंद झालेल्या मुलांना. नोंदच नसलेली मुलगी त्या दहांत धरली जात नाही, म्हणजे तिच्यापुरता शिक्षकही नेमला जात नाही.

उरलेलं अर्धं उत्तर घरात आहे, आणि ते आपल्याला जास्त अवघड जाणारं आहे. रुग्णालयाच्या फेऱ्या कोण मारतं? रोज अर्धा तास वाळूची ताटली घेऊन कोण बसतं? आईच. खाजगी शिकवणीची फी परवडणाऱ्या घरांतही नोकरी सोडते ती आई. तरी दोष तिलाच. 'तू नोकरी करतेस म्हणून असं झालं', 'तुझं लक्ष नाही'. मागच्या शतकात स्वमग्न मुलांच्या आया 'थंड' असतात म्हणून मुलं अशी होतात, असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते. शास्त्राने ते फेकून दिलं, पण सासरच्या बैठकीत त्याचे चुलतभाऊ अजून सुखाने नांदतात.

आणि त्या आईकडे चारच खाडे असतील तर ती ते मुलाच्या नावाने खर्च करते. याबद्दल तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या म्हातारपणाची शाश्वती व्यवस्थेने मुलाच्या कमाईला बांधून ठेवलेली आहे. पण हे आपण एकमेकींशी मोकळेपणाने बोललंच पाहिजे. त्या मण्यांच्या घरात बोलले तेव्हा ती बाई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, मलाबी असंच व्हायचं. मास्तर हातावर पट्टी मारायचे. तिसरीत सोडली शाळा." मला एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं, की मुलीची केस लिहून घेताना आईच्या शाळेचंही विचारायचं असतं.

आपली मागणी साधी आहे. दुसरी-तिसरीतल्या प्रत्येक मुलीची आणि मुलाची, शिक्षकाने नाव काढो न काढो, वाचनाची चाळणी व्हावी. मराठीत त्याचं साधन नाही ही सबब आता चालणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी, शक्यतो एकाच दिवसात व्हाव्यात, म्हणजे बाईची रोजी बुडणार नाही. उपचारात्मक शिक्षण शाळेच्या वेळात, शाळेतच मिळावं. ते आईच्या फुकटच्या अर्ध्या तासावर ढकलू नये. आणि चाचणी झालेल्यांचे आकडे मुलगे-मुली असे वेगळे जाहीर व्हावेत. वेगळे मोजल्याशिवाय काही दिसत नाही, हे हुंड्याच्या आणि गर्भलिंगाच्या लढ्यांत आपण शिकलोच आहोत.

ती मुलगी शाळेत परत गेली आहे, पण वयाने लहान मुलींबरोबर बसावं लागतं म्हणून आठवड्यातून एखादा दिवस दांडी मारते. भावाला शाळेत विशेष शिक्षिका आहे, हिला नाही. आमची एक कार्यकर्ती संध्याकाळी तिच्याबरोबर बसते. जोडाक्षरं अजून जमत नाहीत. तिच्या तपासणीसाठी रुग्णालयाने जुन्या वह्या मागितल्या, तेव्हा त्या रद्दीत गेल्या होत्या. भावाच्या मात्र सगळ्या जपून ठेवल्या होत्या.

म्हणून प्रत्येक गटातल्या मैत्रिणींना विनंती, की येत्या तीन महिन्यांत आपल्या वस्तीतल्या शाळा सुटलेल्या किंवा सुटू घातलेल्या मुलींच्या घरी जा, त्यांच्या वह्या मागून घ्या, आणि एकही वही रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका.