ढाक्याचा धडा

नवे विद्यापीठ किंवा वैद्यकीय महाविद्यालय जाहीर झाले, की चर्चा होते ती जागेची, इमारतीची आणि निधीची. तेथे शिकवणार कोण आणि शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करणार कोण, हा प्रश्न मागेच राहतो. अशा वेळी ढाका विद्यापीठाची पहिली काही वर्षे आठवावीत.

हे विद्यापीठ जुलै १९२१ मध्ये सुरू झाले. पहिले कुलगुरू फिलिप हार्टोग स्वतः रसायनशास्त्रज्ञ. भौतिकशास्त्र विभागात कलकत्त्याहून सत्येंद्रनाथ बोस रीडर म्हणून आले. वय अवघे २७, पीएच.डी. नाही. प्लांकच्या नियमाच्या प्रचलित मांडणीत जुन्या आणि नव्या भौतिकशास्त्राची सरमिसळ होती. विद्यार्थ्यांना ती शिकवताना बोस यांना खटकत होती. प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, अशा रीतीने त्यांनी मोजणी केली आणि नियम सरळ हाती आला. जून १९२४ मध्ये त्यांनी हा निबंध आइन्स्टाइन यांना पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापून आणला.

विद्यापीठाने बोस यांना युरोपात अभ्यासासाठी दोन वर्षांची रजा दिली. परतल्यावर, १९२७ मध्ये, ते प्राध्यापक झाले. पाठोपाठ के. एस. कृष्णन रीडर म्हणून आले आणि १९३३ पर्यंत त्यांनी तेथे स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवर मोलाचे काम केले.

असंख्य प्रकाशकण एकाच अवस्थेत राहू शकतात, हे बोस यांच्या गणितातून निघते आणि लेसर त्याच गुणावर चालतो. मधुमेहामुळे खराब होणारा डोळ्याचा पडदा आज लेसरने वाचवता येतो. मात्र १९२४ मध्ये ‘याचा रुग्णाला उपयोग काय?’ असे विचारले असते, तर कोणालाच उत्तर देता आले नसते.

आपल्याकडे अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, वर्ग तासिका तत्त्वावर चालतात आणि तपासणीपुरते डॉक्टर एका महाविद्यालयातून दुसऱ्यात हलवले जातात. यात विद्यार्थ्याचे नुकसान होते, रुग्णाचेही होते. ढाक्यातल्या त्या शोधाला महागडे यंत्र लागले नव्हते. नोकरी, विचाराला सवड आणि वेळेवर मिळालेली रजा, एवढे पुरले. नव्या संस्थेच्या अंदाजपत्रकात इमारतीच्या आधी या तीन गोष्टींची तरतूद व्हायला हवी.