कूलर लावला, तरी खोलीत चिकचिक का होते?

एप्रिल-मे महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. सेनगाव असो की वसमत, एसी न परवडणाऱ्या घरांचा आधार एकच, कूलर. पण तो बहुतेकदा जागा मिळेल तिथे, अगदी पलंगाशेजारी ठेवला जातो. गडबड इथेच होते.

युरोपात हीटर खिडकीखाली बसवतात, कारण काचेला लागून गार झालेली हवा खाली उतरते आणि ती तिथेच गरम करता येते. आपल्याकडे कूलरलाही खिडकीच हवी, मात्र कारण वेगळं आहे. कूलर हवा गार करतो ते पाण्याची वाफ करून. त्यासाठी त्याला बाहेरची कोरडी हवा लागते. तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर साधारण २९-३० अंशांची हवा देऊ शकतो. तोच बंद खोलीत ठेवला की स्वतःचीच ओली हवा पुन्हा ओढतो. तासाभरात चादरसुद्धा दमट लागते.

म्हणून कूलरची पाठ बाहेर हवी आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं हवं. 'गार हवा निघून जाईल' म्हणून ते लावून घेणं ही सगळ्यात मोठी चूक. त्या खिडकीशी कागद धरून पाहा, तो बाहेरच्या बाजूला उडायला हवा. एकाच दाराच्या पत्र्याच्या खोलीत हे जमत नाही. तिथे कूलर दारात आणि भिंतीत वर झरोका, एवढाच मार्ग उरतो. तापलेला पत्रा मात्र वरून भाजत राहतोच.

टाकीत बर्फ टाकण्याचाही फारसा उपयोग नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना घेतं.

खरी अडचण पाण्याची. घरगुती कूलर तासाला पाच-दहा लिटर पाणी सहज संपवतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात दुपारभराचा गारवा म्हणजे दोन-तीन हंडे पाणी. चुकीच्या जागी ठेवलेल्या कूलरमध्ये हे पाणी जातं आणि उकाडा तसाच राहतो.

लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लगही काढा. जूनमध्ये हवा दमट झाली की पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवा.