जुगाड बारा व्होल्टपर्यंतच!

घरी आर्केड मशीन बनवायचं खूळ वाईट नाही. प्लायचा खोका, जुना मॉनिटर, रास्पबेरी पाय, दोन जॉयस्टिक, डझनभर बटणं... आणि गल्लीतल्या पार्लरमध्ये नाणं टाकून खेळलेला 'मुस्तफा' हॉलमध्ये हजर! (कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण हे नाव आपल्याकडे कुणी घेतलं असेल तर शपथ.) माझी तक्रार वेगळीच आहे. बटणाचा 'क्लिक' कसा हवा यावर आपण तीन वीकेंड घालवतो आणि वीज जोडायचं काम शेवटच्या रविवारी रात्री, यूट्यूब समोर ठेवून उरकतो.

मंडळी, हे उलटं व्हायला हवं. आधी खोक्याचे मनातल्या मनात दोन भाग करा. एक भाग ५ आणि १२ व्होल्टचा: पाय, बटणं, अॅम्प्लिफायर, एलईडीची पट्टी. इथे हवा तो जुगाड करा. चुकलात तर शॉक बसत नाही, बहुतेक वेळा एखादा बोर्ड जातो. दुसरा भाग २३० व्होल्टचा. तिथे जुगाड बंद, एकदम बंद.

माझं मत विचाराल तर हौशी माणसाने २३० व्होल्टचं वायरिंग शक्यतो करूच नये. पायचा स्वतःचा अॅडॅप्टर (पाय ४ असेल तर ५.१ व्होल्ट, ३ अॅम्पियर), मॉनिटरचा स्वतःचा, दिव्यांसाठी १२ व्होल्टचा बंद अॅडॅप्टर. सगळे एका आयएसआय मार्कच्या थ्री-पिन स्पाइक गार्डमध्ये. तो खोक्यात स्क्रूने पक्का, बाहेर एकच वायर. दिसायला ढोबळ आहे? असू दे, मागच्या दारात कोण डोकावतंय!

पण नाही, आपल्याला सीसीटीव्हीवाले वापरतात तो जाळीचा एसएमपीएसच हवा असतो. स्वस्त आहे, दणकट आहे, मान्य. पण त्याच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. वापरायचाच तर त्यावर कव्हर हवं. मागे कॉम्प्युटरच्या कॉर्डचा फ्यूज आणि स्विचवाला सॉकेट बसवा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी सहज मिळतो. वायरच्या टोकांना लग क्रिम्प करा, सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर हळूहळू दबतं आणि जोड सैल होतो. आणि अर्थची वायर एसएमपीएसच्या बॉडीला आणि कंट्रोल पॅनल धातूचं असेल तर त्यालाही. अर्थ नसला की फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडी गळती बॉडीवर येते आणि हाताला झिणझिण्या येतात. 'एवढं चालतंच' म्हणून ते सोडून देऊ नका. बॉडी अर्थला जोडलेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता यूट्यूबबद्दल. अमेरिकन व्हिडिओत काळी वायर फेज असते. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल! तोच व्हिडिओ बघून रंगाला रंग जोडला की स्विच भलत्याच वायरवर बसतो आणि मशीन 'बंद' असतानाही आत फेज जिवंत. ब्रिटिश व्हिडिओत वेगळा फ्यूज दिसला नाही तर दचकू नका, त्यांच्या प्लगमध्येच तो असतो. आपल्या प्लगमध्ये नसतो.

"अरे, पण घरात एमसीबी आहे की!" आहे, पण तो भिंतीतल्या वायरसाठी. जरा हिशोब करा. एलसीडी मॉनिटर, पाय, दिवे, आवाज मिळून १०० वॅटच्या आतच, म्हणजे अर्ध्या अॅम्पियरहून कमी. समजा, बिघाड होऊन एखादा भाग ५ अॅम्पियर ओढायला लागला. म्हणजे ११५० वॅट! बंद लाकडी खोक्यात पेटलेली शेगडीच. १० अॅम्पियरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही; २ अॅम्पियरचा स्लो-ब्लो फ्यूज मात्र काम करेल. अर्थात माणसाला शॉकपासून फ्यूज वाचवत नाही. त्यासाठी घरच्या बोर्डात ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी हवा.

जुना पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर बसवायचा मोह होत असेल तर थेट सांगतो, उघडू नका. रंगीत ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत टिकून राहू शकतो. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराचंच.

हे सगळं वाचून 'माझं तर दोन वर्षं मस्त चाललंय' म्हणणारे भेटतीलच. आपण एकदा रन झालेला कोड टेस्टिंगशिवाय प्रोडक्शनला टाकतो का? (बरं, टाकतो. पण निदान तिथे रोलबॅक असतो!) शिवाय ही मशीन आपण एकटे खेळायला बनवत नाही. भाचरं येतात, सोसायटीतली पोरं येतात, घामेजल्या हातांनी पॅनल बडवतात. तेव्हा बटणं चायनाची चालतील. फ्यूज, अर्थ आणि वायर मात्र चांगली घ्या, आणि मशीन पहिल्यांदा चालू करायच्या आधी एखाद्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थ तपासून घ्या. त्याला चहा पाजा, मग खेळा खुशाल :)