हाताला कळलं पाहिजे!

डॅलसला आल्यावर ऑफिसातल्यांच्या संगतीने फिशिंगचा नाद लागला. पहिला रॉड घेतला स्वस्तातला, फायबरग्लासचा. लेक फोर्कच्या तळाशी बुडालेली झाडं. त्यांतून जिग, म्हणजे जड डोक्याचं नकली आमिष, हळूहळू ओढायचं. दिवसभर ओढलं. फांदी कुठली नि मासा कुठला, हाताला कळेचना! बास आमिष तोंडात घेतो आणि खोटं वाटलं की थुंकतो. खेळ खल्लास. शेजारच्याने तेवढ्यात तीन काढले.

म्हणून सांगतो, काटकसर रीलमध्ये करा, रॉडमध्ये नको. ग्राफाइटचा घ्या, हलका, ७ फुटी, मीडियम-हेवी, फास्ट अ‍ॅक्शनचा, म्हणजे शेंड्याकडेच वाकणारा. दुकानातच रील लावून धरून बघा. शेंडा जड वाटला तर परत ठेवा. आणि गाडीच्या दारापासून जपा, ग्राफाइट ठिसूळ असतं.

गेल्या शनिवारी हाताला ‘टक्’ झालं. फांदी नव्हती, बॉस!